नगरपंचायतीचा निकाल यादी फोडतानाच अर्धा लागतो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रत्नागिरी, चिपळूण, राजापूर, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या नगरपरिषदांचे मतदान बहुतेक ठिकाणी २ डिसेंबर २०२५ रोजी झाले आणि मोजणी लांबत २१ डिसेंबरवर गेली. आता पाळी नगरपंचायतींची. दापोली, मंडणगड, कुडाळ, देवगड-जामसंडे, वाभवे-वैभववाडी, कसई-दोडामार्ग आणि रायगडातल्या माणगाव, म्हसळा, तळा, पोलादपूर इथले मतदान गेल्या खेपेला दोन हप्त्यांत झाले होते. पहिला हप्ता २१ डिसेंबर २०२१ चा. ओबीसींच्या राखीव जागा न्यायालयाच्या आदेशाने सर्वसाधारण झाल्या, त्यांचे मतदान १८ जानेवारी २०२२ ला. मोजणी दुसऱ्या दिवशी. या सगळ्यांची पाच वर्षांची मुदत २०२७ च्या सुरुवातीला संपते. मुदत संपली की निवडणूक होतेच असे नाही, हे चार वर्षे प्रशासकाचा कारभार पाहिलेल्या रत्नागिरीकरांना ठाऊक आहे. पण तयारीचे कागद मात्र मतदानाच्या कितीतरी आधी हलू लागतात, आणि या पत्राचा विषय तेच कागद आहेत.

निवडणुकीबद्दल छापून येते ते बहुधा शेवटच्या पंधरा दिवसांचे. तिकीट कोणाला, बंड कोणाचे, कोण कोणाच्या गाडीत बसला. लहान शहरात मात्र निकालाचा बराच भाग त्याआधी दोन-तीन महिने, कार्यालयातल्या एका टेबलावर, विधानसभेची मतदार यादी प्रभागवार फोडताना ठरून जातो. त्या टेबलाकडे तेव्हा इच्छुक उमेदवारही फिरकत नाहीत. ते वर तिकिटाच्या रांगेत असतात.

हिशेब साधा आहे. नगरपंचायतीत १७ प्रभाग आणि प्रत्येक प्रभागातून एक सदस्य. शहराची लोकसंख्या १५,३०० धरली तर प्रभागाची सरासरी ९०० येते. त्यात मतदार साडेसहाशे-सातशे, प्रत्यक्ष येणारे पाचशेच्या मागेपुढे, उमेदवार तीन-चार. दोनशे मते घेतलेला माणूस इथे नगरसेवक होतो आणि पाच-सात मतांनी पडतोही. समसमान मते झाली तर चिठ्ठी टाकून सोक्षमोक्ष. अशा ठिकाणी पंचवीस नावे चुकून शेजारच्या प्रभागात गेली, तर प्रचारफेऱ्या कितीही काढल्या तरी ती भरून निघत नाहीत.

आधी प्रभागरचना. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा त्यात तीन गोष्टी पाहायच्या असतात : नकाशा, चारी बाजूंच्या सीमांचे वर्णन आणि लोकसंख्येचा तक्ता. लोक नकाशा पाहून घरी जातात. खरा कागद तक्त्याचा. त्यात प्रत्येक प्रभागापुढे जनगणनेचे कोणते प्रगणक गट (एकेका प्रगणकाने मोजलेल्या घरांचे गट) घेतले आहेत ते लिहिलेले असते. लोकसंख्या २०११ चीच धरतात, कारण त्यानंतरची जनगणना अजून हाती आलेली नाही. पुढच्या शिरगणतीचा महिना फेब्रुवारी २०२७ ठरला आहे. म्हणजे शिरगणती आणि निवडणूक दोन्ही कामे त्याच शिक्षकांच्या आणि त्याच लिपिकांच्या गळ्यात पडण्याची शक्यता मोठी. असो.

नियम असा की प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या १० टक्के वर-खाली चालते. वरच्या उदाहरणात ८१० ते ९९०. प्रभागांचे क्रमांक उत्तरेकडून सुरू होतात, ईशान्य, मग पूर्व, तिथून पश्चिमेकडे वळत शेवट दक्षिणेला. सीमा शक्यतो नदी, नाला, मोठा रस्ता, रेल्वेमार्ग अशा ठळक खुणांवर यावी, एक इमारत दोन प्रभागांत जाऊ नये आणि प्रगणक गट शक्यतो फुटू नये. यातल्या शेवटच्या ‘शक्यतो’त बरेच काही मावते. एक प्रगणक गट साधारण सहाशे-सातशे माणसांचा आणि प्रभाग नऊशेचा. एका गटाने प्रभाग पुरत नाही, दोन घेतले तर ९९० ची मर्यादा ओलांडते. म्हणून नगरपंचायतीत गट फोडावेच लागतात, आणि गट कुठून फोडायचा हे आराखडा करणाऱ्याच्या हातात राहते. मोठ्या महापालिकेत हा प्रश्न फारसा येत नाही. तिथे एका प्रभागात कितीतरी गट सहज बसतात.

आता ही रेघ आपल्या मुलखात प्रत्यक्ष कुठून जाते ते बघा. वर्णनात लिहिलेले असते, ‘पूर्वेस नाल्यापर्यंत’. तो नाला म्हणजे आपला पऱ्या, सिंधुदुर्गात व्हाळ. जून ते ऑक्टोबर तो भरून वाहतो, बाकीचे महिने कोरडा. बाजारपेठेच्या बाजूला त्याच्यावर स्लॅब पडलेला, वरती गाळे. वरच्या अंगाला त्याचे दोन फाटे. कोणता फाटा सीमा धरला, हे नकाशावरून कळत नाही, आणि त्या दोन फाट्यांच्या बेचक्यात नेमकी पंधरा-वीस घरांची वाडी असते. पाखाडीचेही तसेच. जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी दोन्ही बाजूंच्या घरांना जोडते, पण आराखड्यात ती सीमा झाली की समोरासमोरची घरे दोन प्रभागांत जातात. हे चूक नाही, नियमाला धरूनच आहे. फक्त वर्णनात ‘अमुक यांचे घर’ असे लिहिले असेल आणि त्या नावाची घरे वाडीत चार असतील, तर ती सीमा उद्या यादी फोडणाऱ्याला हवी तशी वाचता येते. म्हणून आराखडा हातात आला की तो घेऊन सीमेवरून चालत जाणे हे पहिले काम. एक प्रभाग चालायला तास-दीड तास लागतो.

हरकत घ्यायची तर कोणती टिकते हेही ठाऊक हवे. ‘आमच्या सड्यावर (गावावरच्या कातळपठारावर) अपार्टमेंट झाली, मतदार दुप्पट झाले आणि जुन्या पेठेत माणसे उरली नाहीत, तरी प्रभाग सारखेच कसे?’ ही तक्रार खरी असते आणि तरीही फेटाळली जाते, कारण मोजणी मतदारांची नसून २०११ च्या लोकसंख्येची आहे. ‘आमचे हक्काचे मतदार तोडले’ असे लिहिले तर अर्ज वाचणारा मनातल्या मनात हसतो. टिकते ती अशी हरकत : तक्त्यातल्या बेरजेप्रमाणे अमुक प्रभाग १० टक्क्यांच्या बाहेर जातो, अमुक प्रगणक गट न फोडता दोन्ही प्रभाग मर्यादेत बसतात, हा पाहा हिशेब, सीमावर्णन आणि नकाशा यांत फरक आहे, रस्ता ही ठळक सीमा उपलब्ध असताना ती सोडून रेघ घरांमधून नेली आहे. सोबत हाताने काढलेला का होईना, पण प्रगणक गटांचे क्रमांक टाकलेला नकाशा जोडावा. सुनावणीला स्वतः जावे. पर्यायी रेघ दाखवणारा अर्ज आणि नुसता निषेध करणारा अर्ज यांत सुनावणी अधिकाऱ्याला फरक लगेच कळतो.

ही संधी गेली की पुन्हा येत नाही. राज्यघटनेच्या कलम २४३-झेडजीने प्रभागांच्या सीमा आखणाऱ्या कायद्याला न्यायालयात आव्हान द्यायला मनाई केली आहे. निवडणुकीविरुद्ध तक्रार ती निकालानंतरच्या निवडणूक याचिकेतून, तीही फार थोड्या दिवसांत. मतदानाच्या तोंडावर ‘कोर्टात जाऊ’ म्हणणाऱ्यांनी हे वाचून ठेवावे.

आता यादी. राज्य निवडणूक आयोग स्वतःची मतदार यादी तयार करत नाही. एक तारीख ठरवतो आणि त्या तारखेला विधानसभेची जी यादी असेल ती जशीच्या तशी घेतो. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांना ही तारीख १ जुलै २०२५ होती. त्यानंतर नोंदवलेले नाव त्या निवडणुकीला चालले नाही. अठरा पूर्ण झालेली मुले ‘नोव्हेंबरमध्ये नाव घालू’ म्हणत राहिली, त्यांना घरी बसावे लागले. मग ही घेतलेली यादी प्रभागवार फोडतात. कार्यालयात यासाठी कंट्रोल चार्ट करतात : विधानसभेच्या अमुक भागातले अमुक ते अमुक अनुक्रमांक अमुक प्रभागात. सगळी गोम या ‘अमुक ते अमुक’मध्ये आहे.

विधानसभेचा यादी भाग मतदान केंद्राच्या सोयीने केलेला असतो, प्रभाग जनगणनेच्या गटांवरून. दोघांच्या रेघा कधीच एकमेकींवर बसत नाहीत. समजा एका भागात ९६० नावे आहेत. त्यातली वरची वाडी प्रभाग ५ मध्ये आणि खालची वाडी प्रभाग ६ मध्ये जायची आहे. फोडणाऱ्याने पाहिले की १ ते ४१२ वरची वाडी, ४१३ पासून खालची. चार्टमध्ये तसे भरले, काम संपले. पण ४१२ पर्यंत फक्त मूळ यादीतली वरची वाडी आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत नमुना ६ (नव्या नावाचा अर्ज) भरून आलेली नावे भागाच्या शेवटी, पुरवणीत, ८८० च्या पुढे असतात. लग्न होऊन आलेल्या सुना, नवी अठरा वर्षांची मुले, बदलीवर आलेली कुटुंबे सगळी तिथे. ती ‘४१३ ते ९६०’ या टप्प्याबरोबर प्रभाग ६ मध्ये निघून जातात. सासू-सासरे पाचमध्ये, सून सहामध्ये. प्रत्येक निवडणुकीत मतदानाच्या सकाळी टेबलासमोर ‘नवऱ्याचे नाव आहे, माझे नाही’ म्हणून जी वादावादी होते, तिच्यामागे बहुतेक वेळा कुणाचा डाव नसतो, न उघडलेली पुरवणी असते. डाव कधीच नसतो असे मात्र आमचे म्हणणे नाही.

दुसरी चूक वाड्यांच्या नावांची. मधलीवाडी, गावठाण, मोहल्ला, बंदर ही नावे एकाच शहरात दोन ठिकाणी सापडतात. तिसरी शहराच्या हद्दीची. कुडाळ, देवगड, मंडणगड ही मोठी ग्रामपंचायत असलेली गावे. नगरपंचायत झाल्यावर हद्द बदलली, यादीचे भाग मात्र तसेच राहिले. एका भागात अर्धे मतदार शहरातले आणि अर्धे शेजारच्या ग्रामपंचायतीचे, असे वेशीवर हमखास असते. मग ग्रामपंचायतीला मतदान करणारी वाडी नगरपंचायतीच्या यादीत येते, किंवा घरपट्टी नगरपंचायतीला भरणारा माणूस कुठल्याच प्रभागात सापडत नाही. यादीतल्या घर क्रमांकावर तर विसंबूच नये. अनेकदा तो ग्रामपंचायतीच्या काळातला असतो, मालमत्ता कराच्या आजच्या क्रमांकाशी त्याचा मेळ नसतो, आणि कितीतरी नावांपुढे नुसती आडवी रेघ असते.

प्रारूप यादी लागल्यावर हरकतींना मुदत मिळते जेमतेम आठवडा-दहा दिवसांची, त्यातही सुट्ट्या येतात. तेवढ्यात तपासणी करायची तर ती अशी. यादी कार्यालयात पाहायला मिळते, आयोगाच्या संकेतस्थळावरही असते, आणि शुल्क भरून छापील प्रत घेता येते. आपल्या प्रभागाची एकटी यादी घेऊ नये, चारी बाजूंच्या प्रभागांच्याही घ्याव्यात, कारण आपली हरवलेली नावे तिथेच असतात. सोबत विधानसभेच्या त्या भागाची मूळ यादी पुरवण्यांसह. मग तीन माणसे बसवायची : एक नाव वाचणारा, एक खूण करणारा आणि एक वाडीतली घरे ओळखणारा. हा तिसरा माणूस महत्त्वाचा. घरपट्टीच्या वसुलीला फिरलेला, पोस्टातून निवृत्त झालेला किंवा वीजबिले वाटणारा असेल तर उत्तम, कार्यकर्ता असलाच पाहिजे असे नाही. प्रभागाच्या कडेने जाणाऱ्या घरांपासून सुरुवात करायची, मधली घरे शेवटी, कारण चुका कडेला होतात. आणि सगळ्यांत आधी पुरवणी उघडायची. सातशे नावांच्या प्रभागाला दोन संध्याकाळी पुरतात.

या टप्प्यावर काय दुरुस्त होते आणि काय नाही, यात गल्लत होऊन अर्ध्याअधिक हरकती वाया जातात. दुरुस्त होते ते एवढेच : चुकीच्या प्रभागात गेलेले नाव, विधानसभेच्या यादीत आहे पण प्रभागाच्या यादीत उतरलेच नाही असे नाव, आणि यादी फोडताना झालेली लेखनिकाची चूक. नवे नाव घालता येत नाही. मृताचे नाव काढता येत नाही. वय, फोटो, स्पेलिंग बदलत नाही. ही सगळी कामे विधानसभेच्या यादीची, बारा महिने चालणारी : नव्या नावाला नमुना ६, वगळायला नमुना ७, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला नमुना ८. बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) किंवा तहसील कार्यालयात, नाहीतर ऑनलाइन. ती आयोगाने तारीख धरण्याच्या आधी व्हायला हवीत, आणि ती तारीख आपल्याला आधी सांगून येत नाही. भाड्याचे घर बदलून पेठेतून सड्यावर राहायला गेलेल्याने नमुना ८ भरला नसेल, तर त्याचे मत पेठेतच. त्यात नगरपंचायतीचा दोष नाही.

हरकत कशी लिहावी? कार्यालयात तऱ्हेतऱ्हेचे अर्ज येतात, काही दोन पानांचे, पक्षाच्या लेटरहेडवर, संतापाने भरलेले. उपयोगी अर्ज पाच-सहा ओळींचा असतो : ‘माझे नाव विधानसभेच्या यादी भाग क्रमांक अमुक मध्ये अनुक्रमांक अमुक वर आहे. ओळखपत्र क्रमांक अमुक. मी प्रभाग ५ च्या हद्दीत, पाखाडीच्या पश्चिमेस राहतो. प्रारूप यादीत माझे नाव प्रभाग ६ मध्ये अनुक्रमांक अमुक वर आले आहे. माझ्या लगतच्या घरातील मतदारांची नावे प्रभाग ५ मध्ये अनुक्रमांक अमुक व अमुक वर आहेत. माझे नाव प्रभाग ५ मध्ये घ्यावे. सोबत घरपट्टीची पावती.’ शेजाऱ्याचा अनुक्रमांक देणे हा यातला मुद्द्याचा भाग. त्यामुळे अधिकाऱ्याला जागेवर पाहणी करताना घर शोधत बसावे लागत नाही. एका वाडीची वीस नावे असतील तर वीस सह्या घ्याव्यात, एकाने वीस जणांच्या वतीने दिलेल्या गठ्ठ्याकडे संशयाने पाहिले जाते आणि ते रास्तही आहे. पोच घ्यावी, पोचेवर शिक्का आणि आवक क्रमांक आहे ना ते तिथेच पाहावे. अंतिम यादी लागली की त्यात आपला बदल उतरला का, हे पुन्हा जाऊन बघावे लागते. आदेश झाला आणि चार्टमध्ये उतरायचा राहिला, असेही होते.

चाकरमान्यांचा विषय काढल्याशिवाय कोकणातल्या यादीबद्दल लिहिणे अपुरे. मुंबईत नाव, गावातही नाव, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि त्यात गैर काही आहे असे कुणाला वाटत नाही. कायद्याला वाटते. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम १७ आणि १८ प्रमाणे एका माणसाचे नाव दोन मतदारसंघांत किंवा एका मतदारसंघात दोनदा असता येत नाही आणि नोंदणीच्या वेळी खोटे प्रतिज्ञापन केल्यास कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. डिसेंबर २०२५ च्या याद्यांत संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले होते. तारे लागले म्हणजे नाव गेले, असा गैरसमज झाला. तसे नाही. अशा मतदाराने कोणत्या केंद्रावर मतदान करणार ते लिहून द्यायचे असते. आधी दिले नसेल तर केंद्रावर, दुसरीकडे मतदान केले नाही अशी हमी द्यावी लागते. यातला अनेकांचा गुन्हा एवढाच की एका वाडीत एकाच नावाची, एकाच आडनावाची माणसे तीन-तीन आहेत. पण जे खरोखर दोन ठिकाणी आहेत त्यांनी एक ठिकाण निवडावे, नमुना ७ किंवा ८ भरून दुसरे सोडावे. उमेदवारांनी गाड्या भरून माणसे आणायची आणि निवडून आल्यावर ती माणसे पाच वर्षे नळाच्या पाण्याबद्दल एक शब्द विचारणार नाहीत, ही सोय नगरसेवकाला फार आवडते.

मतदान यंत्राविषयी थोडे, कारण नगरपंचायतीच्या मतदारासाठी या वेळी एक गोष्ट नवी आहे. २०२१-२२ मध्ये नगराध्यक्ष सदस्यांमधून निवडले गेले, म्हणून मतदाराने एकच बटण दाबले होते. २०२२ मध्ये कायदा बदलून नगराध्यक्ष पुन्हा थेट जनतेतून आला. हा नियम तोपर्यंत पुन्हा बदलला नाही तर नगरपंचायतीत आता दोन मते द्यायची, एक सदस्याला आणि एक नगराध्यक्षाला. नगरपरिषदेत प्रभाग साधारण दोन सदस्यांचा, म्हणून तिथे तीन बटणे. जागांची संख्या विषम असेल तिथे एक प्रभाग तीन सदस्यांचा आणि मग चार. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची असते. एकच बटण दाबून वयस्कर माणसे वळतात, यंत्राचा शेवटचा लांब आवाज येत नाही, आणि केंद्राध्यक्ष त्यांना परत बोलावतो. यात गुप्ततेचा भंग नाही. सगळ्या जागांची बटणे दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल तर त्या जागेपुरते ‘वरीलपैकी एकही नाही’ दाबावे. विधानसभेला हे बटण नुसते निषेधाचे असते, आपल्याकडे स्थानिक निवडणुकांत तसे नाही : राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशाप्रमाणे या पर्यायाला सर्वाधिक मते पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यावी लागते. चिठ्ठी दाखवणारे व्हीव्हीपॅट मात्र या निवडणुकांत नसते, तेव्हा ती कुठे दिसली नाही म्हणून भांडण काढू नये.

आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल तर निमूट घरी जाऊ नये. ओळख पटवून प्रदत्त मत मागावे. ते कागदावर होते, वेगळ्या पाकिटात बंद राहते, नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. पण पाच-सात मतांनी लागलेल्या निकालावर याचिका झाली तर तेच पाकीट पुरावा असते.

उमेदवारीबद्दल फार लिहीत नाही, त्यासाठी प्रत्येक पक्षाकडे माहीतगार असतात, नसले तर वकील असतात. एवढेच की अर्ज बाद होतात ते मोठ्या कारणांनी नव्हे. शपथपत्रातला रकाना कोरा सोडलेला असतो, तिथे ‘निरंक’ लिहायचे राहिलेले असते. सूचक (अर्जावर उमेदवाराचे नाव सुचवणारा मतदार) शेजारच्या प्रभागातला निघतो, आणि तो तिथला निघण्याचे कारण पुन्हा वरची फुटलेली यादीच. राखीव जागेवर जातवैधतेचा दाखला किंवा त्यासाठी केलेल्या अर्जाचा पुरावा जोडलेला नसतो. एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद) शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या ठोक्याला गाडीतून येत असतो. खर्चाची मर्यादा २०२५ मध्ये नगरपंचायतीच्या सदस्याला २ लाख २५ हजार आणि नगराध्यक्षाला ६ लाख होती. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो, पडलेल्यांनीही. पडलेले उमेदवार हे विसरतात आणि पुढच्या खेपेला अपात्र ठरल्यावर त्यांना आठवते.

संपादक महाशय, आपल्या वृत्तपत्राकडे मागणे एक आहे. या नगरपंचायतींचा कार्यक्रम जाहीर होईल तेव्हा ‘रणधुमाळी’चा मथळा जरूर द्या, पण त्याच पानावर चौकटीत चार तारखा छापा : प्रभागरचनेवरील हरकतींची शेवटची तारीख, यादीसाठी धरलेली विधानसभेची तारीख, प्रारूप यादीवरील हरकतींची शेवटची तारीख आणि अंतिम यादीची तारीख. शेजारी नगरपंचायत कार्यालयात याद्या कोणत्या खोलीत, किती ते किती पाहायला ठेवल्या आहेत आणि शनिवार-रविवारी हरकती घेणार की नाही, तेही. ही माहिती आता सूचनाफलकावर, काचेच्या आत, कुलूप लावून लावलेली असते, आणि फलक असतो जिन्याखाली.

आपले नम्र,
मतदार याद्या व मतदान केंद्रांचे काम केलेले काही निवृत्त कर्मचारी
दापोली, जि. रत्नागिरी